मागच्या एक्सलचे लोंबते कान

दगडावरून गाडी चढवताना पुढची चाकं वर गेली, पोटही सुटलं, आता झालंच म्हणून आपण श्वास सोडतो आणि तेवढ्यात मागून 'खण्ण' आवाज येतो. गाडी थांबते. चाकं फिरतात, माती उडते, पण गाडी तसूभर हलत नाही. खाली वाकून बघणाऱ्याची नजर आधी मधल्या डिफरेन्शियलच्या, म्हणजे इंजिनाचा जोर दोन्ही चाकांत वाटणाऱ्या गिअरच्या, गोल डब्याकडे जाते. तो बहुतेक वेळा मोकळाच असतो. अडकलेलं असतं ते चाकाच्या आतल्या अंगाला, दोन्ही मागची चाकं जोडणाऱ्या एक्सलच्या नळीखाली लोंबणारं हातभर सुद्धा नसलेलं एक ब्रॅकेट.

माझ्या महिंद्रा थारचं डावं ब्रॅकेट एकदा असंच ओढ्यातल्या काळ्या दगडाच्या खाचेत जाऊन बसलं. पुढे जाता येईना, मागेही येईना. जॅक लावून, चाकाखाली दगड रचून गाडी सुटायला पाऊण तास लागला. घरी येऊन बघतो तर ब्रॅकेटची खालची कड चपातीच्या कडेसारखी दुमडलेली. त्या दिवसापासून मी या 'कानां'च्या मागे लागलो. हे कान वर घ्यायचे म्हणजे ग्राइंडर, वेल्डिंग आणि एक रविवार, एवढंच काम असेल असं मला तेव्हा वाटलं होतं. कागदावर आकडे मांडले तेव्हा कळलं की ब्रॅकेट दोन बोटं वर सरकवलं की गाडीचं मागचं सगळं गणित हलतं. ते गणित नेमकं कसं हलतं, ते इथे सांगतो.

आधी ते ब्रॅकेट तिथे असतं कशाला? जुन्या जीपगाड्यांना मागे पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग, असायचे. पाट्यांचा एक संच तीन कामं करतो: वजन पेलतो, एक्सलला जागेवर धरून ठेवतो आणि चाकाला जोर दिल्यावर एक्सल स्वतःभोवती पिळायला लागतो तोही अडवतो. एक पाटा, तीन नोकऱ्या. 2020 साली आलेल्या थारला मागे कॉइल स्प्रिंग मिळाल्या. कॉइल स्प्रिंग आरामदायी खरी, पण ती फक्त वजन पेलते. तिला एक्सल धरून ठेवता येत नाही, ती नुसतीच डुलते. म्हणून एक्सलपासून चासीपर्यंत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यापर्यंत, लोखंडी दांडे लावावे लागतात. त्यांना कोणी लिंक म्हणतं, कोणी आर्म. प्रत्येक बाजूला एक खालची आणि एक वरची लिंक, शिवाय एक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून एक आडवा दांडा. मारुती सुझुकीच्या जिम्नीत ही मांडणी थोडी वेगळी आहे, तिथे दोन लांब आर्म आणि एक आडवा दांडा एवढ्यावर काम भागवलंय. अमेरिकेतल्या जीप रँग्लरने हा बदल 1997 च्या टीजे मॉडेलमध्ये केला, त्यामुळे खालच्या लिंकांची ब्रॅकेट दगडाला लागण्याचं दुखणं तिकडच्यांनी आपल्या कितीतरी आधी भोगलंय. त्यावरचे बरेचसे उपायही तिकडूनच आले.

आता त्या प्रसिद्ध आकड्याकडे येऊ. थारचा ग्राउंड क्लिअरन्स 226 मिलिमीटर. हा आकडा गाडीखालच्या सगळ्यात खालच्या बिंदूच्या जमिनीपासूनच्या उंचीचा असतो. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. डिफरेन्शियलचा डबा कितीही खाली असला तरी तो एकाच जागी असतो आणि त्याला गोलाई असते. चालवणाऱ्याला त्याची जागा माहीत असते, दगड चुकवता येतो, चुकलाच तर डबा दगडावरून घसरून जातो. ब्रॅकेटचं तसं नाही. ते त्या डब्यापेक्षा थोडं उंच असेल, पण चाकाच्या अगदी शेजारी असतं. ज्या दगडावर चाक चढवायचं असतं त्याच दगडाचा खांदा नेमका त्याच्या वाटेत येतो. आणि त्याचा आकार बघा: उभे सपाट पत्रे, खाली धारदार कड, मध्ये आडवा बोल्ट. ही तर गळाचीच घडण. तेव्हा प्रश्न निव्वळ उंचीचा नाही, आकाराचाही आहे. हे लक्षात आलं की अर्धे पैसे वाचतात. ते कसे, ते पुढे येईल.

लिफ्ट किट (गाडी उंच करणारे सुटे भाग) लावली की हे दुखणं जाईल असा एक समज आहे. जात नाही. लिफ्टने बॉडी आणि चासी वर जाते, एक्सल जमिनीपासून तेवढाच राहतो, कारण तो चाकांच्या मधोमध अडकलेला आहे. एक्सल वर न्यायचा तर टायरच मोठा हवा, आणि टायरचा व्यास जितका वाढतो त्याच्या निम्मीच उंची पदरात पडते. थारच्या 255/65 आर 18 टायरचा व्यास साधारण 789 मिलिमीटर भरतो. एक्सलचा मध्य त्याच्या निम्म्यावर, म्हणजे 394 वर. गाडीच्या वजनाने टायर दबतो म्हणून 380 धरू. हवा कमी करून दगडांत उतरलात तर आणखी थोडा खाली. ज्यांना पैशाची चिंता नाही ते पोर्टल एक्सल लावतात. त्यात चाकाजवळ गिअर बसवून अख्खा एक्सलच चाकाच्या मध्याच्या वर नेलेला असतो. मर्सिडीजच्या युनिमॉग ट्रकची ख्याती त्यावरच आहे. आपण साधी माणसं, आपल्या वाट्याला ब्रॅकेट.

खोऱ्याचा दांडा आणि दोन हात

पुढचा हिशोब समजावा म्हणून काही सोपे आकडे धरतो. हे कुठल्या एका गाडीचे मोजलेले आकडे नाहीत, पण या मापाच्या गाडीला शोभतील असे आहेत. एक्सलचा मध्य 380 मिलिमीटरवर, नळीची जाडी 80, म्हणजे नळीचा तळ 340 वर. खालच्या लिंकचा बोल्ट 300 वर. बोल्टभोवती रबरी बुश (धक्के सोसणारी रबराची नळी), त्याचा डोळा (लिंकच्या टोकाचं कडं) आणि पत्र्याची कड मिळून आणखी 40 खाली, म्हणजे ब्रॅकेटचं टोक 260 वर. नळी आणि टोक यांच्यात 80 मिलिमीटरचा फरक. हे 80 मिलिमीटर म्हणजेच आपलं दुखणं. वरच्या लिंकचा बोल्ट 500 वर.

आता चढावर गाडीने जोर लावला. मागची दोन्ही चाकं मिळून जमिनीला 700 किलोच्या जोराने मागे रेटताहेत. म्हणजे जमीन गाडीला 700 किलोने पुढे ढकलतेय. हा जोर चासीपर्यंत पोचतो तो लिंकांमधून. पण सरळ 700 किलो पोचत नाही. जमिनीचा जोर तळाशी लागतोय आणि लिंका वर आहेत, म्हणून एक्सलची पहार होते. खालच्या लिंका पुढे रेटल्या जातात आणि वरच्या उलट ताणल्या जातात.

मातीत खोरं मारताना आपण दांडा दोन हातांनी लांब-लांब धरतो. दोन्ही हात जवळ आणून खोरं मारून पाहा, मनगटं दुखून येतील. माती तेवढीच, खोरं तेच, फक्त हातांमधलं अंतर कमी झालं. लिंकांचंही अगदी हेच आहे. वरच्या आणि खालच्या बोल्टमधलं उभं अंतर हेच इथलं हातांमधलं अंतर. वरच्या आकड्यांत ते 200 मिलिमीटर आहे. लिंका आडव्या धरल्या तर खालच्या दोघींवर मिळून 1750 किलोचा दाब येतो आणि वरच्यांवर 1050 किलोचा ताण. दोन्हींतला फरक बरोब्बर 700, जमिनीने दिलेला जोर तेवढाच.

आता ब्रॅकेट 50 मिलिमीटर वर घेतलं. बोल्ट 350 वर आला, अंतर 150 उरलं. खालच्या लिंकांवरचा जोर 2330 किलो झाला, म्हणजे तिसऱ्या हिश्शाने वाढला. वरच्यांवरचा 1630, म्हणजे दीडपटीहून जास्त. गंमत पाहा, हात लावला खालच्या ब्रॅकेटला आणि जास्त शिक्षा झाली वरच्या लिंकेला, जिच्याकडे आपण ढुंकूनही पाहिलं नव्हतं. काम करून घेतल्यावर सहा महिन्यांत 'वरचे बुश फाटले, कंपनीचा माल हलका' अशी तक्रार ऐकू येते, त्यातल्या बऱ्याच वेळा माल नाही, हे अंतर कारणीभूत असतं.

यावर उपाय आहे. वरचं ब्रॅकेटही तेवढंच वर न्यायचं. वरचा बोल्ट 550 वर आणि खालचा 350 वर, अंतर पुन्हा 200. आता खालच्यांवर 1925 आणि वरच्यांवर 1225. थोडी वाढ राहते, पण सोसवेल अशी. अडचण एवढीच की वर जागा हवी. गाडी पूर्ण दबली की वरचं ब्रॅकेट फरशीच्या पत्र्याला, टाकीला किंवा चासीच्या आडव्या तुळईला लागता कामा नये. खाली वाकून बघण्याइतकंच वर हात घालून मापणंही गरजेचं आहे.

बसणारी गाडी, उठणारी गाडी

लिंकांचा दुसरा परिणाम जरा डोकं खाणारा आहे, पण चढावर गाडी उड्या का मारते हे कळायचं असेल तर तो समजून घ्यावा लागतो. गाडीने जोर धरला की वजन मागे सरकतं आणि मागची बाजू खाली बसू पाहते. त्याच वेळी तिरक्या लिंका बॉडीला वर उचलू पाहतात. ही उचल बसण्याच्या किती टक्के, यालाच अँटी-स्क्वॉट म्हणतात. बरोब्बर 100 टक्के असेल तर मागची बाजू ना बसते ना उठते. 100 च्या बरीच वर गेली तर जोर दिला की मागचा भाग उठतो, टायर जमिनीत दाबला जातो, दुसऱ्या क्षणी त्याच्यावरचा भार सुटतो, पकड जाते, पुन्हा दाबला जातो. खडकाळ चढावर मागची चाकं धडाधड नाचतात ती यामुळे. खूप कमी असेल तर गाडी मागून बसकण मारते आणि पुढची चाकं हलकी होतात.

हे कागदावर काढता येतं. गाडी बाजूने काढायची. वरच्या आणि खालच्या लिंकच्या रेषा पुढे वाढवायच्या, जिथे भेटतील तो बिंदू. मागचा टायर जमिनीला टेकतो तिथून त्या बिंदूतून रेघ ओढायची आणि ती पुढच्या चाकाच्या उभ्या रेषेवर किती उंचीला जाते ते पाहायचं. ती उंची गाडीच्या गुरुत्वमध्याच्या उंचीएवढी असेल तर 100 टक्के.

वरचेच आकडे चालवू. खालच्या लिंकचं चासीकडचं टोक एक्सलकडच्या टोकापासून 700 मिलिमीटर पुढे आणि 400 उंचीवर, वरची लिंक तेवढीच लांब आणि अगदी आडवी, गुरुत्वमध्य 700 उंचीवर. चाकांमधलं अंतर थारचं, 2450. हिशोब 125 टक्क्यांवर येतो. फक्त खालचं ब्रॅकेट 50 ने वर घेतलं की तो 83 वर घसरतो. उड्या मारणारी गाडी बसणारी झाली. स्वभावच बदलला.

पण खरी मजा लिफ्टबरोबर आहे. गाडी 50 मिलिमीटर लिफ्ट केली आणि ब्रॅकेटला हात लावला नाही तर चासीकडची टोकं वर जातात, लिंका आणखी उभ्या होतात आणि हिशोब 140 वर पोचतो. लिफ्ट केलेल्या गाड्या चढावर आधीपेक्षा जास्त का नाचतात, याचं उत्तर इथे आहे. आता त्याच लिफ्ट केलेल्या गाडीचं खालचं ब्रॅकेट 50 ने वर घ्या. खालची लिंक पुन्हा कंपनीने दिली होती त्याच तिरपीत येते आणि हिशोब 101 वर टेकतो. म्हणजे लिफ्टने बिघडवलेली भूमिती ब्रॅकेट वर घेतल्याने सुधारते, शिवाय दगडाला अडकणंही कमी होतं. एका दगडात दोन पक्षी म्हणायला हरकत नाही, फक्त बोल्टांमधल्या कमी झालेल्या अंतराची किंमत विसरायची नाही. माझं मत विचाराल तर लिफ्ट न केलेल्या गाडीचं ब्रॅकेट वर घेऊ नये. तिच्यासाठी पुढे सांगतो ते साधे उपाय पुरतात.

लिंक आडवी झाल्याचा एक फायदा रस्त्यावरही दिसतो. वळणावर गाडी कलली की तिरप्या लिंका एक्सलला थोडा फिरवतात, एका बाजूचं चाक पुढे, दुसरं मागे. त्यामुळे घाटात मागची बाजू स्वतःच्या मनाने वळतेय असं वाटतं. लिंका जितक्या आडव्या तितका हा उपद्व्याप कमी.

आधी पट्टी, मग कटर

वाकडं झालेलं ब्रॅकेट बघून कटर हातात घ्यायची खुमखुमी येते, ती आवरावी. गाडी सपाट जागी उभी करून, टायरमध्ये नेहमीची हवा भरून, दोन्ही बाजूंचा प्रत्येक बोल्ट जमिनीपासून किती उंच आहे ते लिहून ठेवावं. गवंड्याकडचा ओळंबा आणि पाणसळ यासाठी पुरे. ओळंब्याने एक्सलचा मध्य जमिनीवर उतरवायचा, तसाच बोल्टचा, म्हणजे पुढे-मागे किती अंतर आहे तेही कळतं. हे मागच्या-पुढच्या अंतराचं माप मी पहिल्या वेळी घेतलंच नव्हतं आणि त्यावरूनच पुढचा घोळ झाला, तो सांगेनच.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे ब्रॅकेटला पायताण घालणं. ब्रॅकेटच्या पुढून आणि मागून तिरपी, पाच-सहा मिलिमीटर जाडीची पट्टी, होडीच्या नाळेसारखी. उंची एका मिलिमीटरने वाढत नाही, उलट पट्टीच्या जाडीएवढी कमी होते. पण गळाची घसरगुंडी होते आणि अडकणारी गाडी खरवडत का होईना पुढे निघते. मागच्या बाजूची पट्टी बरेच जण विसरतात. दगडावरून उलटं यायची वेळ आली की आठवण होते. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना एवढंच पुरेसं आहे असं मी म्हणेन. कोकणातला जांभा तर मऊ, त्यावर पट्टी सरळ खोबणी पाडत जाते. घाटमाथ्यावरचा काळा बेसॉल्ट मात्र तसा दयाळू नाही.

दुसरा उपाय कड छाटण्याचा. बऱ्याच ब्रॅकेटचा पत्रा बुशच्या डोळ्याच्याही खाली उतरलेला असतो. तो जास्तीचा भाग गोलाईत छाटता येतो. मर्यादा दोन. बोल्टच्या मध्यापासून कडेपर्यंत बोल्टच्या जाडीच्या दीडपट ते दुप्पट पत्रा राहायलाच हवा, म्हणजे 14 मिलिमीटरचा बोल्ट असेल तर 21 ते 28 मिलिमीटर. आणि बुशच्या डोळ्याच्या वर छाटण्यात अर्थ नाही, कारण मग दगड आधी बुशलाच लागणार. छाटून हाती येतं ते पाच-दहा मिलिमीटर. छाटलेली कड आतून पट्टीने जोडून पेटीसारखी बंद केली तर ब्रॅकेट आधीपेक्षा मजबूत होतं. ही कामं एकत्र केली की पट्टीने खाल्लेली उंची छाटणीतून परत मिळते.

तिसरा उपाय वाकड्या लिंकचा. एक्सलजवळ लिंकला वरच्या अंगाला बाक देतात, म्हणजे दगडाच्या खांद्याला जागा मिळते. दिसायला सुंदर. पण सरळ दांडा फक्त दाब आणि ताण सोसतो, बाक आला की त्याला वाकवणारा जोरही लागतो. आपल्या हिशोबात एका बाजूच्या खालच्या लिंकवर 875 किलो येतात. त्यात 40 मिलिमीटरचा बाक असेल तर तो दांडा प्रत्येक चढावर स्वतःला आणखी वाकवायचा प्रयत्न करत असतो. म्हणून वाकडी लिंक जाड नळीचीच हवी, आणि कंपनीची सरळ लिंक गॅसवर तापवून वाकवणं हा तर शुद्ध वेडेपणा. शिवाय दोन्ही टोकांना गोळ्याचे सांधे असतील तर वाकडी लिंक स्वतःभोवती फिरून बाक खाली आणते. एका टोकाला तरी बुश हवा. हेही लक्षात घ्या की बाकाने लिंकच्या मधल्या भागाला जागा मिळते, ब्रॅकेटचं टोक आहे तिथेच राहतं.

चौथा म्हणजे खरोखर ब्रॅकेट वर घेणं. इथे माझा घोळ. बोल्ट 350 वर नेला की तो नळीच्या खाली राहत नाही, जवळजवळ नळीच्या समोर येतो. 40 नळीची त्रिज्या, 30 बुशची, वर बुश फिरायला मोकळी जागा, म्हणजे बोल्ट नळीच्या मध्यापासून 75-80 मिलिमीटर पुढे हवा. मूळचा बोल्ट मात्र 60 पुढे होता. एका फॅब्रिकेशनवाल्याने जागा मिळेल तिथे भोक पाडून ब्रॅकेट बसवलं, मीही मान डोलावली. लिंक जुन्याच लांबीची. परिणाम असा झाला की एक्सलचा खालचा भाग 20 मिलिमीटर मागे ढकलला गेला आणि वरचा जागेवर राहिला. 150 मिलिमीटरच्या अंतरावर 20 म्हणजे साडेसात अंश. एक्सल तेवढा फिरला आणि पिनियनचं, म्हणजे डिफरेन्शियलच्या पुढच्या गिअरचं, नाक खाली झुकलं. गिअरबॉक्सकडून जोर आणणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या क्रॉसचे (सांध्यांचे) कोन एकमेकांशी जुळावे लागतात. ते बिघडल्यावर ताशी 60 च्या पुढे सगळी गाडी घुमायला लागली. पुन्हा उघडा, पुन्हा कापा.

म्हणून बोल्ट पुढे सरकणार असेल तर लिंक तेवढीच आखूड करावी लागते, किंवा आटे असलेली, लांबी कमी-जास्त करता येणारी लिंक घ्यावी लागते. चाक गाडीच्या कमानीत मधोमध आहे का, डाव्या-उजव्या चाकांचं पुढच्या चाकांपासूनचं अंतर सारखं आहे का, हेही त्याच वेळी बघायचं. काही गाड्यांत शॉक अॅब्सॉर्बरचं खालचं टोक याच ब्रॅकेटवर असतं. ब्रॅकेट वर गेलं की शॉकही वर जातो आणि पूर्ण दबल्यावर आतून आपटतो. त्याचा कान वेगळा करावा लागतो.

चासीकडच्या ब्रॅकेटचं दुखणं वेगळं. ते उंचवट्यावरून जाताना पोटाशी अडकतं. तिथे वर जायला फारशी जागाही नसते आणि ते वर नेल्याने लिंका उभ्या होऊन वरचं सगळं गणित उलट्या दिशेने बिघडतं. तिथे घसरपट्टी लावावी आणि विषय सोडावा.

वेल्डिंगच्या दिवशी

एक्सलच्या नळ्या पोलादी असतात, त्यांना वेल्डिंग चालतं. मधला डिफरेन्शियलचा डबा बऱ्याच गाड्यांत ओतीव असतो. ओतीव लोखंडाला साध्या तारेने टाका मारला तर तो धरल्यासारखा वाटतो आणि बाजूला तडा जातो. ब्रॅकेटचा पाय अशा डब्यावर येत असेल तर तिथे वेल्डिंग करू नका, रचना बदला.

नळी आतून पोकळ आणि लांब, त्यामुळे उष्णतेने केळ्यासारखी वाकते. एका बाजूने सलग वेल्डिंग मारलं की नळीचं टोक त्या बाजूला ओढलं जातं, आणि मग आतला एक्सल शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) बेअरिंग खायला लागतो. इंच-दीड इंचाचे टाके, एक डावीकडे एक उजवीकडे, मध्ये हात लावता येईल इतकं थंड होऊ द्यायचं. पाणी ओतून गार करायचं नाही. नळीभोवती पूर्ण वेढा घालणारं वेल्डिंगही टाळावं, नळी तिथेच कमकुवत होते. शाफ्ट आणि तेल काढून ठेवलेलं बरं, नाहीतर सील जळतात. बॅटरीच्या वायरी काढायच्या आणि अर्थचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी जवळ लावायचा. चिमटा चाकाला लावून एक्सलवर वेल्डिंग केलं तर करंट बेअरिंगमधून जातो आणि त्याच्या गोळ्यांवर चट्टे पडतात. ब्रेकची नळी, हँडब्रेकची केबल, एबीएसची वायर आणि डिझेलची टाकी, सगळं आसपासच असतं. ओलं फडकं आणि आग विझवायचं सिलिंडर हाताशी हवं.

ब्रॅकेट आधी चार टाक्यांवर धरायचं, गाडी चाकांवर उतरवायची, सगळी मापं पुन्हा घ्यायची, मगच पक्कं करायचं. टाका तोडायला दोन मिनिटं लागतात, पक्कं केलेलं काढायला दिवस जातो. पत्रा पाच-सहा मिलिमीटरचा, बोल्ट 10.9 ग्रेडचे आणि भोकात घट्ट बसणारे. ढिल्या भोकातला बोल्ट आठवडाभरात भोक लांबट करतो.

बुशचे बोल्ट आवळण्याचं काम मी चुकीचं होतानाच जास्त पाहिलं आहे. गाडी गॅरेजच्या लिफ्टवर उचललेली, चाकं लोंबकळताहेत आणि कारागीर स्पॅनरने जोर लावून सगळे बोल्ट आवळून टाकतो. रबरी बुश फिरत नाही, पिळला जातो. लोंबकळत्या अवस्थेत आवळला तर गाडी जमिनीवर उतरली की बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. चाकं जमिनीवर टेकवून, गाडी दोन-तीनदा दाबून, मगच शेवटचं आवळणं.

कायद्याचंही बघून घ्या. मोटर वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीतला मूळ तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही, आणि 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठासून सांगितलं. घसरपट्टी वेगळी, एक्सलवर कापाकापी वेगळी. आरटीओला आणि विमा कंपनीला आधी विचारलेलं परवडतं. स्पर्धेच्या गाड्या ट्रेलरवरून येतात आणि जातात, त्यांची नक्कल रोजच्या गाडीवर करू नये. आणि क्लिअरन्स वाढला म्हणून कासच्या सड्यावर किंवा तशा कुठल्याही फुलांच्या पठारावर चाकं घालायची नाहीत, हे सांगावं लागू नये, पण लागतं.

काम झाल्यावर नव्या वेल्डिंगला काळा रंग देऊ नका, पांढरा किंवा फिका राखाडी द्या. शे-दोनशे किलोमीटर झाल्यावर आणि प्रत्येक खडकाळ फेरीनंतर गाडीखाली बॅटरी घेऊन शिरा. पाण्याच्या माऱ्याने चिखल धुवा, बोल्ट पुन्हा तपासा. वेल्डिंगच्या कडेला केसाएवढा तडा गेला तर फिक्या रंगावर गंजाची तांबूस रेघ उठते. काळ्यावर ती ब्रॅकेट हातात येईपर्यंत दिसत नाही.